संत तुकाराम (बोलपट)

संत तुकाराम : प्रभात फिल्म कंपनीचा संगीतप्रधान मराठी बोलपट. दिग्दर्शक विष्णुपंत दामले (१८९२–१९४५) व शेख फत्तेलाल (१८८६–१९६४), कथा व संवाद शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे, पदरचना संत तुकाराम व शांताराम आठवले, छायालेखन व्ही. अवधूत, कलादिग्दर्शन फत्तेलाल. प्रमुख भूमिका विष्णुपंत पागनीस (तुकाराम), गौरी (जिजाई) व श्री. भागवत (सालोमालो) यांच्या आहेत. मुंबईच्या ‘सेंट्रल’ चित्रपटगृहात १२ डिसेंबर १९३६ रोजी हा बोलपट प्रदर्शित झाला व तेथे तो सलग ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला विशेष प्रशस्ती लाभली.

या बोलपटाच्या निर्मितीविषयीच्या अनेक हकीकती मराठी समाजात प्रचलित आहेत. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाने तुकारामांची भूमिका केली. कंपनीतील अगदी खालच्या पायरीवरील एका निरक्षर बाईने जिजाई उभी केली. एका तरुण गीतकाराचे पद लोकांनी तुकारामांचा अभंग समजून गाथेत शोधले. नटाची छबी पुढे संताची तसबीर म्हणून देव्हाऱ्यात गेली. या हकीकती बहुधा मनोरंजक माहिती म्हणून सांगितल्या जातात. तथापि त्या एकत्र ठेवून पाहिल्यास त्यांचा रोख एकाच प्रश्नाकडे असल्याचे दिसते : खरे कोणते आणि उसने कोणते? बोलपटाच्या कथानकाचा गाभाही हाच प्रश्न आहे. म्हणून पडद्यामागील या हकीकतींचा विचार बोलपटाच्या आकलनास उपकारक ठरतो.

निर्मितिसंस्था व पार्श्वभूमी : दामले व फत्तेलाल हे दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कारागीर. चित्रकला, सुतारकाम, यंत्रांची जुळणी, कॅमेरा व रसायनशाळा ही सर्व अंगे त्यांनी प्रत्यक्ष कामातून आत्मसात केली. तेथे त्यांनी महारथी कर्ण (१९२८) हा मूकपट दिग्दर्शित केला. १९२९ मध्ये या दोघांनी व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्यासमवेत कोल्हापूर येथे प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. अयोध्येचा राजा (१९३२) हा प्रभातचा पहिला बोलपट. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. तेथील तिच्या चित्रपटनिर्मितिगृहाच्या जागेत पुढे १९६० मध्ये भारत सरकारची चित्रपट संस्था स्थापन झाली.

प्रभातची कार्यपद्धती अमेरिकेतील हॉलिवुडच्या मोठ्या निर्मितिसंस्थांशी बऱ्याच अंशी मिळतीजुळती होती. नट, गायक, वादक, सुतार, रंगारी, शिंपी, छायालेखक व ध्वनिलेखक हे सर्व मासिक वेतनावर एकाच आवारात काम करीत. त्यामुळे एखाद्या व्यक्तीचे नेमलेले काम व तिच्या अंगचा गुण यांची गाठ पडण्यास वाव राही. मात्र हॉलिवुडमध्ये निर्मात्याचे कार्यालय व चित्रीकरणाचा मंच यांत जे अंतर असे, ते प्रभातमध्ये नव्हते. येथे मालक स्वतः हाती रंगाचा कुंचला किंवा ध्वनियंत्राची कळ घेऊन उभे असत.

प्रभातची कीर्ती त्या सुमारास मुख्यत्वे शांताराम यांच्या दिग्दर्शनावर उभी होती. अमृतमंथन (१९३४) व अमरज्योती (१९३६) यांतील भव्य नेपथ्य, नाट्यमय छायाप्रकाश व प्रक्षोभक विषय ही त्या शैलीची वैशिष्ट्ये होत. संतचरित्राचा एक प्रयोगही शांताराम यांनी केला होता. संत एकनाथांच्या जीवनावरील धर्मात्मा (१९३५) या बोलपटात बालगंधर्वांसारखा रंगभूमीवरील थोर गायकनट प्रमुख भूमिकेत होता. परंतु या बोलपटास अपेक्षित यश लाभले नाही. रंगभूमीवरील गायकी व अभिनय जसाच्या तसा पडद्यावर आणल्यास तो तेथे रुजतोच असे नाही, हा त्यातून मिळालेला धडा होता. संत तुकारामचे दिग्दर्शन दामले व फत्तेलाल यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी भव्यतेची वाट बुद्ध्याच टाळली.

कथावस्तू : देहूचे तुकाराम विठ्ठलभक्तीत रमलेले असून संसाराकडे त्यांचे लक्ष नाही. घरी पत्नी जिजाई, मुले, एक म्हैस व कायमची ओढाताण. गावातील सालोमालो तुकारामांचे अभंग आपल्या नावावर खपवितो व लोकांत त्यांची निंदा करतो. त्यांना मोहात पाडण्यासाठी तो एका नर्तकीस पाठवितो. परंतु ती तुकारामांची भक्त बनते. रामेश्वरशास्त्र्यांच्या आज्ञेने अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या जातात व दैवी कृपेने त्या परत मिळतात. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकाराम नाकारतात. अखेरीस ते सदेह वैकुंठाला जातात. जिजाई मात्र मुलांसाठी व चुलीसाठी मागे राहते.

या कथेचा मुख्य आधार अठराव्या शतकातील संतचरित्रकार महीपती (१७१५–९०) यांच्या भक्तविजय व भक्तलीलामृत या ग्रंथांतून रूढ झालेल्या आख्यायिका हा आहे. सालोमालोचा उल्लेख खुद्द तुकारामांच्या अभंगांत येतो. पारंपरिक चरित्रात तुकारामांचा छळ करणारा म्हणून प्रसिद्ध आहे तो मंबाजी. वाशीकरांनी छळ करणारा व अभंग चोरणारा ही दोन सूत्रे सालोमालोच्या एकाच व्यक्तिरेखेत गुंफली. या योजनेमुळे कथेतील विरोध नेमका झाला. तुकाराम व सालोमालो यांच्यातील झगडा केवळ सज्जन व दुर्जन यांच्यातील राहत नाही. अस्सल शब्द व उसना शब्द यांच्यातील तो झगडा ठरतो.

पात्रयोजना : तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस (१८९२–१९४३) यांची निवड झाली. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट व भजनगायक म्हणून ते परिचित होते. रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांची छटा त्यांच्या हालचालींत उतरेल, अशी शंका प्रथम घेतली गेल्याचे सांगतात. दिग्दर्शकांनी या निवडीत जे पाहिले, ते पडद्यावर सिद्ध झाले. ज्या मार्दवाविषयी साशंकता होती, तेच या तुकारामाचे बलस्थान ठरले. पागनिसांचा तुकाराम आवाज चढवीत नाही, हातवारे करीत नाही, प्रतिपक्षावर मात करण्याचा आविर्भाव आणीत नाही. त्याचे डोळे समोरच्या माणसावर स्थिर असतात व गाताना चेहऱ्यावर प्रयत्नाची खूण उमटत नाही. पुरुषी पराक्रमाच्या रूढ कल्पनेपासून दूर असलेले हे व्यक्तिमत्त्व वारकरी संतकाव्यातील देवाला माउली मानणाऱ्या भावनेशी सहज जुळते. रंगभूमीवरील अनुभव अशा रीतीने येथे वाया गेला नाही. त्यातील लकबी गळून पडल्या व त्यामागील कोमलता राहिली.

गौरी यांची निवड याहून धाडसाची होती. त्या प्रभातमध्ये किरकोळ कामे व दुय्यम भूमिका करीत. औपचारिक शिक्षण किंवा अभिनयाचे पद्धतशीर पाठ त्यांना मिळालेले नव्हते. त्यांच्या जिजाईची चाल, पदर खोचण्याची पद्धत, म्हशीशी बोलण्याचा सूर व रागाच्या भरात एका दमात सुटणारी बोली ही कष्टकरी ग्रामीण स्त्रीच्या नित्य जीवनातून आलेली वाटते. मुलाच्या आजारपणात संतापलेली जिजाई वहाण उगारून विठोबाच्या देवळात धावते, तो प्रसंग मराठी चित्रपटातील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक होय. तेथे देवाची विटंबना झाल्याची भावना प्रेक्षकाच्या मनात उमटत नाही. घरातील वडीलधाऱ्याशी हक्काने भांडावे तशी ती देवाशी भांडत असते.

एकीकडे रंगभूमीवर दीर्घ काळ मुरलेला नट व दुसरीकडे अभिनयाचा कोणताही संस्कार नसलेली स्त्री, अशी ही जोडी आहे. दोघांच्या अभिनयपद्धतींत मेळ बसू नये असे वाटते. पण तुकाराम व जिजाई ही दोन वेगवेगळ्या जगांत वावरणारी माणसे आहेत व नटांमधील अंतर त्या भूमिकांतील अंतराला उपकारक ठरले आहे. पागनिसांची लय संथ व अंतर्मुख, तर गौरींची लय खडबडीत व घाईची. त्या दोन लयी एकमेकींवर आदळतात, तेव्हा प्रेक्षक हसतो; आणि त्या क्षणभर जुळतात, तेव्हा त्याचे डोळे ओलावतात.

संगीत : केशवराव भोळे हे संगीताचे मर्मज्ञ समीक्षक व रचनाकार होते. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाच्या संगीतात त्यांनी लांबलचक आलापतानांना फाटा देऊन भावगीताच्या वळणाची पदे योजिली होती. तीच दृष्टी घेऊन ते चित्रपटाकडे वळले. संत तुकाराममध्ये त्यांनी वारकरी भजनाच्या परंपरागत चालींचा आधार घेतला. टाळ, मृदंग व वीणा यांच्या साथीने सामान्य माणसाला मागोमाग म्हणता येईल, अशी ही रचना आहे. पागनिसांनी आपली पदे स्वतःच गायिली असल्यामुळे बोलणारा तुकाराम व गाणारा तुकाराम यांत सांधा जाणवत नाही. बोलता बोलता अभंग सुरू होतो व अभंग संपताच बोलणे पुढे चालू होते.

या संगीतदृष्टीचा अर्थ बोलपटाच्या प्रारंभीच स्पष्ट होतो. तुकारामांच्या मुखातून साधेपणाने आलेली रचना पुढे सालोमालो देवळात आपली म्हणून गातो. शब्द तेच, परंतु गाणे बदललेले असते. सालोमालोच्या गाण्यात नाटकी हरकती आहेत, श्रोत्यांकडे टाकलेले कटाक्ष आहेत, दाद घेण्याची घाई आहे. चोरी कोणाची व रचना कोणाची, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. कानच त्याचा निवाडा करतो. संगीत नाटकाच्या ऱ्हासकाळातील गायकीवरची ही टीका मानली, तरी तिचा रोख व्यापक आहे. शब्द उसना घेता येतो, परंतु तो उच्चारण्याचा अधिकार उसना घेता येत नाही, असे दिग्दर्शकांना व संगीतकाराला सुचवावयाचे आहे.

‘आधी बीज एकले’ : बोलपटाच्या पदरचनेसंबंधीची सर्वांत प्रसिद्ध हकीकत या पदाची आहे. तुकारामांचे अभंग वापरावयाचे हे ठरलेलेच होते. तथापि काही प्रसंगांसाठी नवी रचना आवश्यक होती. ती शांताराम आठवले यांनी केली. बीज, वृक्ष, फळ व पुन्हा बीज अशी प्रतिमांची साखळी असलेले ‘आधी बीज एकले’ हे पद त्यांचेच. त्याचा छंद, त्यातील लहान शब्दांची ठेवण व निसर्गातील दृष्टांतावरून अध्यात्माकडे जाण्याची रीत ही अभंगाशी इतकी एकरूप झाली, की अनेक श्रोत्यांनी ते तुकारामांचेच मानले. गाथेत ते कोठे आहे याचा शोध घेणाऱ्यांत जाणकारही होते. कालांतराने हे पद भजनी मंडळांत गायिले जाऊ लागले व त्याचा कर्ता बहुतेकांच्या विस्मरणात गेला. प्रभातच्या दिवसांच्या आठवणी आठवले यांनी पुढे प्रभातकाल या ग्रंथात लिहिल्या.

येथे एक विरोधाभास उभा राहतो. दुसऱ्याचे अभंग स्वतःच्या नावावर सांगणाऱ्या सालोमालोला जो बोलपट दोषी ठरवितो, त्याच बोलपटात एका गीतकाराचे पद तुकारामांच्या मुखी घातलेले आहे. हा दोष मानावयाचा काय? दोन्ही कृतींतील दिशा उलट आहे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. सालोमालो दुसऱ्याचे घेऊन स्वतः मोठा होतो. आठवले स्वतःचे देऊन दुसऱ्याच्या आड राहतात. श्रेयनामावलीत त्यांचे नाव होते व फसवणुकीचा हेतू कोठेही नव्हता. शिवाय संतकाव्याच्या परंपरेत कर्तृत्वाची कल्पना आजच्या इतकी काटेकोर नाही. तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगांची संख्या सारखी आढळत नाही. गाथेची मुद्रित आवृत्ती १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघू लागली, तेव्हापासून अस्सल व प्रक्षिप्त अभंगांची चर्चा अभ्यासकांत चालू आहे. नाममुद्रा घालून संताच्या नावे रचना करणाऱ्या अनाम भक्तांची परंपराही जुनीच आहे. आठवले यांचे पद त्या परंपरेत नकळत जाऊन बसले.

तरीही प्रश्न पूर्णतः मिटत नाही. तुकारामांच्या अभंगवाणीत समाजातील दंभावर व कर्मकांडावर केलेले जे कठोर प्रहार आहेत, त्यांच्या तुलनेत ‘आधी बीज एकले’ हे सौम्य व सर्वांना रुचेल असे आहे. श्रोत्यांनी ते सहज तुकारामांचे मानले, याचे कारण त्यांच्या मनातील तुकारामही तसाच सौम्य होता, किंवा या बोलपटाने तो तसा केला. उत्कृष्ट अनुकरण हे मूळ कृतीविषयी लोकांना काय ऐकावेसे वाटते, हेही दाखवून देते.

हॉलिवुडमधील एक समांतर उदाहरण : हॉलिवुडच्या संगीतपटांत याच प्रकारचा विरोधाभास सिंगिंग इन द रेन (१९५२) या मेट्रो-गोल्डविन-मेयर निर्मित चित्रपटात आढळतो. जीन केली व स्टॅन्ली डोनेन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा विषय बोलपटाच्या आगमनामुळे चित्रव्यवसायात उडालेली धांदल हा आहे. कर्कश आवाजाच्या एका प्रसिद्ध नटीसाठी पडद्यामागून दुसरीच तरुणी गाते व अखेरीस पडदा बाजूला सरून खरी गायिका प्रेक्षकांसमोर येते, असे त्याचे कथानक आहे. प्रत्यक्षात मात्र त्या खऱ्या गायिकेची भूमिका करणाऱ्या डेबी रेनल्ड्स यांच्या काही गीतांसाठी बेटी नॉइस या गायिकेचा आवाज वापरण्यात आला व तिचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. तसेच दुसऱ्यासाठी संवाद म्हणण्याच्या प्रसंगात जो सुसंस्कृत आवाज ऐकू येतो, तो कर्कश नटीची भूमिका करणाऱ्या जीन हेगन यांचा स्वतःचाच होता. या चित्रपटातील बहुतेक गीतेही जुनी होती; शीर्षकगीत १९२९ च्या एका बोलपटात येऊन गेलेले होते.

उसन्या आवाजाचा धिक्कार करणारा चित्रपट उसन्या आवाजावर उभा आहे, आणि उसन्या अभंगाचा धिक्कार करणाऱ्या बोलपटातील सर्वांत लोकप्रिय पद नव्याने रचलेले आहे. दोन्हींत साम्य आहे, तसा महत्त्वाचा भेदही आहे. सिंगिंग इन द रेनमध्ये खरा आवाज कोणता हे यंत्राच्या साहाय्याने लपविले जाते व यंत्रच ते उघडे करते. श्रेयाचा प्रश्न तेथे व्यवसायाचा प्रश्न आहे. संत तुकाराममध्ये तो साधनेचा प्रश्न होतो. खरेपणा आवाज कोणाच्या गळ्यातून येतो यावर अवलंबून नसून गाणारा त्यातून काय मिळवू पाहतो यावर अवलंबून आहे, अशी या बोलपटाची धारणा आहे. या कसोटीवर आठवले यांचे पद अस्सल ठरते व सालोमालोच्या मुखातील तुकारामांचा अभंगही खोटा ठरतो.

नेपथ्य व चमत्कारदृश्ये : फत्तेलाल यांनी पुण्यातील आवारात उभारलेले देहू गाव लहान व वापरात असलेले वाटते. मातीच्या भिंती, ओटे, चूल, गोठा व देऊळ यांत सजावटीचा सोस नाही. कॅमेराही बहुधा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर राहून पात्रांना समोरून पाहतो. अशा ओळखीच्या जगात चमत्कार घडतात. शिवाजी महाराजांच्या रक्षणासाठी त्यांच्यासारखीच अनेक रूपे प्रकटतात, बुडविलेल्या वह्या परत येतात व गरुडाच्या आकाराचे विमान तुकारामांना घेऊन आकाशात जाते. छायालेखनातील युक्त्या व प्रतिकृती यांच्या साहाय्याने ही दृश्ये साधलेली असून आजच्या तंत्राच्या तुलनेत त्यांतील जोड सहज ओळखू येतात. तरीही ती हास्यास्पद वाटत नाहीत. चमत्कार पाहणाऱ्या गावकऱ्यांचे चेहरे जितके खरे आहेत, तितकाच चमत्कार खरा मानण्यास प्रेक्षक तयार होतो. कलासमीक्षक गीता कपूर यांनी या बोलपटावरील आपल्या निबंधात प्रतिमेच्या या सन्मुखतेचा व चमत्काराच्या स्वरूपाचा सूक्ष्म विचार केला आहे.

संतचरित्राची परंपरा व जिजाई : मराठी प्रेक्षकांना संतकथा चित्रपटाने नव्याने सांगितल्या असे नाही. कीर्तने, पोथ्या, यात्रा व जन्मस्थाने यांच्याद्वारे त्या गावोगाव जिवंत होत्या. परंपरेनुसार तुकाराम व समर्थ रामदास यांचा जन्म एकाच, म्हणजे १६०८ या वर्षी झाला. रामदासांचे जन्मगाव जांब (जालना जिल्हा) आज ‘जांब समर्थ’ याच नावाने ओळखले जाते. संताचे नाव गावाच्या नावात मिसळून जाणे, ही लोकस्मृतीची आपली रीत आहे. रामदासांच्या चरित्रातील सर्वपरिचित आख्यायिका विवाहप्रसंगीची आहे. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच मुलगा मंडपातून निघून जातो. संसाराला प्रारंभ होण्यापूर्वीच तो सुटला, हे त्या कथेचे मर्म. मंडपात मागे राहिलेल्या मुलीविषयी ती कथा फारसे बोलत नाही.

तुकारामांच्या कथेला ही सोय नाही. तेथे संसार सुरू झालेला आहे, मुले आहेत, उद्याच्या भाकरीची चिंता आहे. विरक्ती येथे एका शब्दासरशी घडणारी घटना नसून रोज दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागणारी किंमत आहे. ती किंमत जिजाई मोजते. दामले व फत्तेलाल यांच्या बोलपटाचे सर्वांत मोठे वेगळेपण हे, की त्याने ही किंमत लपविली नाही. पारंपरिक कथनात जिजाई ही बहुधा कजाग पत्नी म्हणून येते. संताच्या सहनशीलतेची कसोटी पाहणे एवढेच तिचे काम. गौरींच्या जिजाईकडे स्वतःचा युक्तिवाद आहे. देव मोठा असेल, पण मुलांना जेवू कोण घालणार, या तिच्या प्रश्नाला बोलपट उत्तर देत नाही आणि उत्तर दिल्याचा आवही आणीत नाही. शेवटच्या प्रसंगात तुकाराम वैकुंठाला निघतात, तेव्हा तीही निघू शकली असती. ती निघत नाही. आकाशातील विमान व जमिनीवरील चूल या दोन प्रतिमांत प्रेक्षकाने एकीचीच निवड करावी, असा आग्रह दिग्दर्शक धरीत नाहीत.

नटाची छबी व संताची प्रतिमा : बोलपटाच्या यशानंतर पागनीस व तुकाराम यांची लोकमानसात सांगड बसली. तुकारामांचे समकालीन विश्वसनीय चित्र लोकांसमोर नव्हते. त्यामुळे पागनिसांचा चेहरा हाच तुकारामांचा चेहरा बनला. दिनदर्शिका, तसबिरी व पुस्तकांची मुखपृष्ठे यांवरील तुकारामांच्या चित्रांत त्या चेहऱ्याची छाप दिसू लागली. पागनिसांनी पुढे संत तुलसीदास (१९३९) व नरसी भगत (१९४०) या चित्रपटांतही संतांच्या भूमिका केल्या. प्रत्यक्ष जीवनातही ते या भूमिकेत रमून गेल्याचे सांगितले जाते.

गौरींच्या वाट्याला असे काही आले नाही. जिजाईची तसबीर कोणी देव्हाऱ्यात ठेवली नाही. पागनिसांविषयीची हकीकत नट संत झाल्याची म्हणून सांगितली जाते, तर गौरींविषयीची हकीकत साध्या बाईने नकळत अभिनय केल्याची म्हणून. या ‘नकळत’पणाच्या कौतुकात एक अन्याय दडलेला आहे. क्रोधातून हास्याकडे व हास्यातून करुणेकडे क्षणार्धात जाणारा, प्रत्येक प्रसंगात नेमका तोललेला हा अभिनय अपघाताने घडणारा नाही. निरक्षर स्त्रीच्या ठिकाणी कला असू शकते, हे मान्य करण्याऐवजी तिला निसर्गाचा चमत्कार ठरविणे समीक्षेला सोपे गेले. कथेतील जिजाईच्या श्रमांची जशी नोंद होत नाही, तशीच जिजाई साकारणाऱ्या नटीच्या श्रमांचीही पुरेशी झाली नाही.

मर्यादा : बोलपटाने तुकारामांच्या जीवनातील सामाजिक संघर्षाला सौम्य केले आहे. शूद्र मानल्या गेलेल्या माणसाने वेदार्थ सांगावा काय, या वादाचे मूळ वर्णव्यवस्थेत होते. सालोमालोच्या एकाच पात्रावर खलत्वाचा बहुतेक भार टाकल्यामुळे हा वाद पुष्कळ अंशी एका मत्सरी व्यक्तीचा होऊन बसतो. तसेच अभंगांतून प्रकट होणारा तुकारामांचा आत्मसंघर्ष, स्वतःविषयीचा संशय व देवाशी केलेले कडाक्याचे भांडण यांना पडद्यावर फारसे स्थान नाही. पागनिसांचा तुकाराम प्रारंभापासूनच शांत आहे. ती शांती त्याला कोणत्या किमतीने मिळाली, ते दिसत नाही. देवाशी भांडणारा तुकाराम गाथेत आहे. बोलपटात ते भांडण जिजाईकडे सोपविले आहे, असे म्हणता येईल.

मूल्यमापन : दामले व फत्तेलाल यांनी पुढे गोपाळकृष्ण (१९३८) व संत ज्ञानेश्वर (१९४०) हे बोलपट दिग्दर्शित केले. संत ज्ञानेश्वरमधील चमत्कारदृश्ये तंत्रदृष्ट्या अधिक सफाईदार आहेत; तथापि संत तुकारामचा घरगुती ओलावा त्यांत त्या प्रमाणात नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या अनेक चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रती नष्ट झाल्या. संत तुकाराम उत्तरकालीन प्रतींच्या रूपाने आजही पाहता येतो. तुकारामांच्या जीवनावर त्यानंतरही चित्रपट निघाले असून त्यांतील चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित तुकाराम (२०१२) उल्लेखनीय आहे. १९३६ च्या बोलपटाची छाया मात्र पुसली गेलेली नाही.

पडद्यामागील हकीकती कलाकृतीला बाहेरून चिकटविलेल्या नसतात, हे या बोलपटाच्या उदाहरणावरून दिसून येते. ज्या हकीकती केवळ कुतूहल शमवितात, त्या काही काळाने विरून जातात. ज्या कलाकृतीच्या आतील प्रश्नाला हात घालतात, त्या टिकतात. नटाचा चेहरा, गीतकाराचे पद व अशिक्षित समजल्या गेलेल्या नटीचा अभिनय या तिन्हींना लोकांनी ‘खरे’ मानले. असे मानताना लोक फसले असे म्हणता येत नाही. मात्र पद रचणारा आणि जिजाई जिवंत करणारी स्त्री यांना त्यांचे श्रेय नावानिशी देणे, हे वाङ्मयचौर्याची कथा सांगणाऱ्या या बोलपटाच्या रसिकांचे कर्तव्य ठरते.